निरोपाच्या जेवणांचा आचारी

"आज नाय आलास तं खलास, नझीर. बाहेर टॅक्सी उभी हाय. उद्यापासना धरतील तो सरल जेलात."

"अरे, पन दम लागलाय टोपाला. तसाच टाकून येव?"

आखातातल्या मनामा शहरात, सुकामागल्या म्हणजे बाजारामागल्या खोलीत नझीर आचारी टोपाच्या झाकणाला कणीक लावत होता. त्याची बॅग हातात धरून दारात उभा होता हुसेन. दोघं दापोलीकडल्या एकाच मोहल्ल्यातले. हुसेन अस्करच्या कारखान्यात फिटर, त्याचा विसा पक्का. म्हणून सल्ले द्यायला मोकळा. नझीरला ज्या अरबानं आणलं, तो धंदा गुंडाळून गेला नि नझीर बिनविशाचा राहिला, त्याला सहा वर्षं झाली.

यंदा तपासणी कडक झाली. महिनाअखेरीच्या आत जाईल त्याला शिक्षा नाही, पण परत येणंही नाही. बिनविशाची माणसं भराभर निघाली. आता कोकणी माणूस निरोपाचं जेवण घातल्याशिवाय विमानात चढेल, तर शपथ. नि जेवण म्हणजे नझीरचा मटण पुलाव. सरकार माणसं काढतंय आणि काढायच्या माणसालाच उसंत नाही, अशी गत. पोलिसांच्या भीतीनं तो सुकात जाईना. मटण, तांदूळ, सगळं गिऱ्हाईकच दारात आणून टाकी.

तरी जायचं त्यानंही ठरवलं होतं. तिकीट काढलं, सकाळी घरी फोन लावला.

"भाबी खूश झाली असंल," हुसेन म्हणाला.

नझीरनं कणीक झाकणाच्या फटीत दाबली. मग म्हणाला, "इचारलान, किती दिवसांसाठी? मी म्हटला, कायमचा. तं म्हनते, कायमचे येऊन काय करनार तुमी? म्हयनाभर या, लाड करतंय. सात वर्सांमागल्या खेपेला आठ दिवसांत माज्या कालवनाला चारदा नावां ठेवलात."

हुसेन हसू दाबायला गेला, ते नाकातून निघालं.

"हसतंस काय? म्हयन्यानं परत येवाचा विसा मना कोन देनार? हतला पोलीस जा म्हनतो, थयली बायको येव नको म्हनते. पोलिसाला निदान माजा पत्ता ठावा नाय."

बाहेर टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. "येतंस काय?" हुसेननं एकदा विचारलं, पुन्हा विचारलं, मग बॅग कोपऱ्यात ठेवली.

"जाताना दार ओढून घे," नझीर म्हणाला, नि चिमट्यानं निखारे उचलून झाकणावर पसरायला लागला.