आठ दिवस फोन नको

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुली वसतिगृहात परत येतात तेव्हा त्यांच्या पिशव्या जड असतात आणि तोंडं उतरलेली. चकल्यांचे डबे, शेंगाचटणी, कडक भाकरी, आईनं घडी घालून दिलेले कपडे. पहिल्या संध्याकाळी सगळ्या खोल्यांतून चिवडा वाटला जातो आणि नऊच्या सुमाराला पहिली मुसमुस ऐकू येते. एकीचं ऐकून दुसरी, दुसरीचं ऐकून तिसरी. रडणं हे गोवरासारखं पसरतं, हे मी चौदा वर्षांच्या रेक्टरकीत शिकले.

त्यावर माझे उपाय ठरलेले असायचे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गाद्या गच्चीवर उन्हात टाकायला लावायच्या आणि काठीनं बदडायला सांगायचं. निम्मा राग तिथेच निघतो. रविवारी नवी पेठेच्या बाजारात घेऊन जायचं. तिथल्या गर्दीत रडायला जागाच नसते, शिवाय पिना, रबरं आणि ओढण्यांचे रंग बघताना घर जरा मागं पडतं. आणि तिसरा उपाय पालकांसाठी होता. पोहोचवायला आलेल्या प्रत्येक आईला मी फाटकातच सांगायची, "आठ दिवस फोन करायचा नाही. तिचाही घ्यायचा नाही. रडायचं ते रडून घेऊ दे, मग रुळेल."

आया माना डोलवायच्या आणि रिक्षात बसल्या बसल्या फोन लावायच्या. माझं ऐकत कोणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. नियम मात्र चांगला होता. मी तो सगळ्यात आधी माझ्या पोटच्या मुलीवर वापरला होता. ती इतकी छान रुळली, की आता मी फोन करते तेव्हा ती मीटिंगमध्ये असते. या दिवाळीला दोन दिवस आली, ती परतीचं तिकीट काढूनच. ती गेल्यावर मुली यायला आठवडा होता. रिकाम्या वसतिगृहात मी एकटी. करमेना म्हणून मी तळमजल्यावरच्या सगळ्या खोल्यांची दारं उघडून ठेवली होती. वारा आला की ती वाजायची, तेवढीच सोबत.

या वर्षी माझं लक्ष एका मुलीवर होतं. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका खेड्यातली, सायन्सच्या पहिल्या वर्षाची. पहिलं वर्ष ती दुसऱ्यांदा करत होती. आदल्या साली दिवाळीनंतर आठ दिवसांत ती घरी पळाली, प्रॅक्टिकलं बुडाली आणि वर्ष गेलं. घरात ती आणि आई, दोघीच. आई चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगला जायची. या खेपेला पोहोचवायला आली तेव्हा ती मला म्हणाली, "मॅडम, ह्या साली टिकली तर टिकली. न्हायतर माझ्याबरं कंपनीत घेऊन जानार. दुसरं काय हाय आमच्याकडं?" मुलगी बाजूला उभी राहून पायानं माती उकरत होती. मी माझा नियम सांगितला. बाईनं तो नीट ऐकून घेतला. "आट दिस," ती म्हणाली.

मुलगी रडली नाही. गादी बदडली, जेवली, पुस्तक उघडून बसली. मी मनात म्हटलं, शहाणी झाली. पण साडेसहाच्या हजेरीला ती रोज अगदी शेवटच्या मिनिटाला यायची, धापा टाकत. फाटकावरच्या मावशींनी सांगितलं, "रोज स्टॉपवर जाऊन उभी राहती. येष्टी येती, जाती. ही काय चढत न्हाय." माझ्या मनात जे यायचं तेच आलं. रेक्टरचं मन, त्यात दुसरं काय येणार? कोणीतरी मुलगा असणार. चौथ्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन मी तिच्या मागोमाग निघाले, मोठी हेरगिरी करायला निघाल्यासारखी.

ती स्टॉपच्या कडेला उभी होती. सव्वासहा उलटून गेले असतील, अंधारून आलं होतं. चिंचोळीकडून कामावरच्या बायकांना घरी सोडणारी कंपनीची बस आली. तिथं गतिरोधक आहे, म्हणून बस हळू झाली. खिडकीच्या काचेला कपाळ टेकून एक बाई बसलेली. तिनं हात वर केला. मुलगी बसच्या कडेनं दहा-बारा पावलं चालली, मग बसनं वेग घेतला आणि संपलं. पोरगी वळली, तर समोर मी.

ती घाबरली. "फोन न्हाय केला मॅडम," ती म्हणाली. "शप्पथ. तिनंबी न्हाय केला."

माझा नियम पाळणाऱ्या या दोघीच निघाल्या होत्या. मी इतकी वर्षं तो सांगत होते, पण पाळला तर कसा दिसतो ते पहिल्यांदाच बघत होते.

रात्री मीच तिच्या आईला फोन लावला. म्हटलं, नियम राहू दे, बोला तिच्याशी. ती ऐकेना. "गेल्या साली मी रोज फोन केला, मॅडम. मी रडायची, ती रडायची. आट दिसात पोरगी दारात. ह्या साली न्हाय चुकायचं मला." तिच्या आवाजात माझ्या नियमावर इतका विश्वास होता, की मला माझीच लाज वाटली.

आठ दिवस झाले. नवव्या दिवशी दोघी फोनवर बोलल्या. जेवलीस का, जेवले, तू जेवलीस का, एवढंच. मग हळूहळू मला हवं होतं तेच झालं. नातेपुत्याची एक बडबडी मुलगी तिच्या खोलीत होती. तिनं हिला संध्याकाळी बॅडमिंटन खेळायला ओढलं. प्रॅक्टिकलच्या वह्या आल्या. हजेरीला ती वेळेआधी यायला लागली, तीही हसत, घामेजलेली. प्राचार्यांना मी सांगितलं, ती मुलगी टिकली. मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

डिसेंबरात एकदा मी भाजी घेऊन परतताना त्याच स्टॉपवर जरा टेकले. ती बस आली, हळू झाली. खिडकीतली बाई स्टॉपकडे बघत होती. तिथं मुलगी नव्हती, मी होते. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. आतून ओरडा ऐकू आला, बस करकचून थांबली आणि बाई धावत आली. "काय झालं मॅडम? पोरगी कुटं हाय?"

"काही झालं नाही हो. खेळतेय आत. मी सहज बसले होते."

ती मटकन माझ्या शेजारी बसली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. तिनं त्याला जा म्हणून हात केला. बस गेली.

"ती येत न्हाय आता, ठाव हाय मला," ती म्हणाली. "फोनवर सांगितलंय तिनं. तरी मान वळतीच की."

"मग आत चला ना. दोन मिनिटं भेटून जा. चहा घ्या."

"नगं. आता कुटं मन लागलंय तिचं. मला बघितलं की परत बिनसंल." पुढच्या एसटीला पाऊण तास होता. मी म्हटलं, मी बसते तुमच्यासोबत, हजेरी मावशी घेतील. मला तरी आत जाऊन काय करायचं होतं?

आम्ही दोघी सिमेंटच्या बाकावर बसून राहिलो. पाठीमागं वसतिगृहाची भिंत, तिच्या पलीकडं मैदान. दिव्यांच्या उजेडात खेळ रंगात आला होता. मुली किंचाळत होत्या, एकमेकींना चिडवत होत्या, हसत होत्या. बाई पदर कानामागं सारून ऐकत राहिली.

"ह्यात तिचा आवाज हाय का वो?" तिनं विचारलं.

मी कान दिला. त्या गलक्यात मला एकही आवाज वेगळा ओळखू येईना.

"आहे की," मी म्हणाले.