गाणं ऐकलं कुणी?

मंडळी, आमच्या होटगीत अजून वीज आलेली नाही, तरी आज दिवेलागणीला गावात रेडिओ वाजला!

रेडिओ माझ्या मेहुण्याने मुंबईहून आणलेला. तो मोटारीच्या बॅटरीवर चालतो. सोलापूरची सर्व्हिस मोटार पारापाशी थांबली, तशी ड्रायव्हर गुलाबभाईंनी आपली बॅटरी काढून जोडून दिली. "एकच गाणं हां, मास्तर!"

आधी नुसती खरखर. मग मुंबईतली कुणी बाई आमच्या लिंबाखाली गायला लागली. अंगावर काटा आला हो! मेंढरं घेऊन परतणारी सखूआत्या वाटेतच थबकली. एकाची चार गाणी कधी झाली, गुलाबभाईंनाही कळलं नाही.

बॅटरी परत बसवली, तर मोटार सुरूच होईना. हँडल मारून गुलाबभाई घामाघूम झाले.

सखूआत्याने पदर खोचला. "गाणं ऐकलं कुणी? आमीच की! मग ढकला आता."

उतारूंसकट सारा पार मोटारीला भिडला. वेशीपर्यंत ढकलली तेव्हा कुठे ती धडधडली.

माझे खांदे अजून ठणकताहेत. हवेतून आलेल्या गाण्याला एवढं वजन असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का?