काळ्या ज्वारीचं पोतं

इंदूकाकू आज सकाळी गेल्या. धडा मी त्यांच्या नवऱ्याला शिकवला होता, भोगला त्यांनी.

सोबतचा फोटो आमच्या गावच्या धान्यकोठीतला आहे. सुगीनंतर शेतकरी इथं धान्य टाकतात, ज्याच्या घरी नाही त्यानं न्यायचं. आलेलं सगळं पाखडून निवडायचं काम काकूंचं. सात वर्षं केलं, कुणी न सांगता.

त्यांचे मालक, किसनकाका, एक नंबरचे चिकट.

पांढरी ज्वारी धाड गावच्या बाजारात विकायची. पावसात काळी पडलेली आमच्या कोठीत, तीही अर्धं पोतं. पोत्यावर नाव मात्र ठळक.

सुगीच्या गावपंगतीत देणाऱ्यांची नावं माइकवर मी वाचायची.

"किसनकाका, अर्धं पोतं, रंग काळा."

अख्खी पंगत हसायची. मला मजा यायची, खोटं कशाला बोलू. काकू तिथंच रोडगे वाढत असायच्या. मान खाली घालून पुढच्या पानाकडे सरकायच्या.

एकदा कोठीत पाखडता पाखडता म्हणाल्या, "त्यायचं नाव नको घेत जाऊ ना बाई माइकवर."

"काऊन? लाज वाटते तं चांगली द्या म्हना."

त्या परत सूप हलवायला लागल्या.

मग मुलांनी शेत वाटून घेतलं. म्हातारा-म्हातारी मागच्या खोलीत. त्यात काकूंना घशाचा कॅन्सर. भाकर उतरेना, फक्त ज्वारीच्या पातळ कण्या.

गेल्या महिन्यात काका कोठीच्या दारात आले.

"पायलीभर पांढरी दे पोरी. तिच्या कण्यायले पाहिजे. काळी कडू लागते तिले."

कोठी चालवणारी आमची सगळी टीम तिथं होती. इतक्या वर्षांनी असा चान्स आला होता, मी सोडते होय.

काकांचं शेवटचं पोतं कोपऱ्यात तसंच पडलं होतं, कारण निवडायला काकू नव्हत्या. ते मी पुढे ओढलं. नाव दिसेल असं.

"काका, इथं जे टाकलं तेच भेटते."

टीम हसली.

काकांनी पोतं पाठीवर घेतलं आणि गेले. माझ्या मागे पांढऱ्या ज्वारीची थप्पी होती, पार छताला टेकलेली.

काकूंचा फोन आला तर लगेच पाठवीन, असं मी मनाशी ठरवलं होतं. फोन आला नाही.

आज कळलं, त्यांचा आवाज तेव्हाच गेला होता.

आज त्या खोलीत गेले. बाजेखाली तेच पोतं. शेजारी सूप. सुपात दोन ढीग, काळ्या दाण्यांचा मोठा आणि पांढऱ्यांचा मुठीएवढा.

पडल्या पडल्या निवडत होत्या.

काका म्हणाले, "एका वाटीले दोन दिवस लागत तिले."

मग म्हणाले, "उरलेलं कोठीत घेऊन जाय पोरी. कोनाच्या कामी येईन."

रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात पंगत आहे. माइक दुसऱ्या कुणाला तरी द्या.

खाली हात जोडलेले इमोजी टाकायला टीम येईलच. या. त्या दिवशी कोण कोण हसलं, मला पाठ आहे.

इंदूकाकू, आम्हा हसणाऱ्यांची भावपूर्ण श्रद्धांजली. सगळ्यात आधी माझी.