पोळ्यांच्या डब्यातला लॅपटॉप

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. साताऱ्याला असते. तिला आता विसरण्याचा आजार आहे. दुपारचं जेवण झालं की तासभर तिचं डोकं लख्ख असतं, चहाच्या वेळेपासून मग सगळं धुकं. तिथली दुपार म्हणजे इथली सकाळ, आणि सकाळी इथे जर्मनीत, आमच्या वाल्डॉर्फच्या घरात मी एकटीच. लेक-जावई दोघंही सॉफ्टवेअरवाले, दोघांचे लॅपटॉप ऑफिसचे, ते त्यांच्याबरोबर जातात. संध्याकाळी परत येतात तेव्हा साताऱ्यात निजानीज झालेली. म्हणजे ज्या तासाला ताई मला ओळखते, त्या तासाला माझ्या हाती नुसता फोन. आणि फोनवर तिचा चेहरा केवढा? सुपारीएवढा. माझ्या डोळ्यांना मधोमध दिसत नाही, त्यामुळे ती सुपारीही पुसली जाते.

जावयांनी टॅबलेट आणून दिला होता, नाही असं नाही. पण म्हातारपणी बोटं कोरडी पडतात, बरं का. काचेवर कितीही दाबा, मी तिथे आहे हेच त्याला कळत नाही. खोबरेल लावून पाहिलं, तर काच तेवढी तेलकट झाली. त्यात चार दिवसांआड तो काहीतरी मागायचा, कधी पासवर्ड, कधी अपडेट, आणि मी संध्याकाळी दारात उभी. "अहो, जरा हे बघता का?" जावई गुणाचे, बूट काढता काढता बघायचे. पण दमून आलेल्या माणसापुढे रोज उभं राहायचं म्हणजे मलाच शीण यायला लागला.

म्हणून ठरवलं, आपला आपण करायचा. तरुणपणी घरबसल्या रेडिओचं सोल्डरिंग केलंय, तारांची भीती नाही. बाकीचं टीव्हीवर व्हिडिओ लावून शिकले. बघायचे, विसरायचे, परत लावायचे. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक बोर्ड दुकानात मिळतो, सगळा संगणक त्याच्यातच. जुना स्क्रीन आणि दाबल्यावर टकटक वाजणारा कीबोर्ड फ्लोमार्क्टात, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, सापडला. बॅटरी म्हणून पॉवरबँक. राहिली पेटी. ती प्लॅस्टिकची यंत्रावर छापून मिळते म्हणे, पण ती कुणाकडून, कशी मागवायची? पुन्हा विचारणं आलं. फळीवर माझा पोळ्यांचा चौकोनी डबा होता, स्टीलचा, बिजागरीच्या झाकणाचा. झाकणात स्क्रीन आणि त्याच्या वर छोटा कॅमेरा बसला, तळात बोर्ड गेला. तारा दिसू नयेत म्हणून वर स्टीलचाच पत्रा कापून घातला आणि त्यावर कीबोर्ड. दिसायला असं नेटकं झालं, काय सांगू!

फक्त चालेना. टेबलावर पसारा होता तेव्हा नेट व्यवस्थित येत होतं. म्हटलं, ताईला पूर्ण झाल्यावरच दाखवू. आणि डब्यात घालून स्क्रू आवळले की नेट गायब. मला वाटलं, माझाच सोल्डरचा टाका कच्चा राहतोय. उघडायचं, टाका पुन्हा मारायचा, चालतंय बघून आवळायचं, की गेलं. सकाळ संपायची, पाठ धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं. असे किती दिवस गेले कोण जाणे. एकदा ताईच्या सुनेचा फोन आला. "मावशी, तो एक तास असायचा ना त्यांचा, तोही हल्ली कमी कमी होत चाललाय."

त्या शनिवारी डबा उचलला आणि लेकीपुढे ठेवला.

"आई, हे काय?"

"लॅपटॉप."

"पोळ्यांचा डबा आहे हा!"

"मग? तुम्हाला सकाळ-संध्याकाळ तो ब्रोट लागतो, पाव. डबा रिकामाच असतो."

तिने काहीतरी खुडबुड केली, दोन स्क्रू काढले, पत्रा उचलला. नेट आलं. पत्रा ठेवला. गेलं. मग हसायलाच लागली.

"आल्झो, हे बघ आई, चहूबाजूंनी स्टील आहे हे. वायफाय आत शिरणार कुठून? कोंडून घातलंयस बिचाऱ्याला."

"म्हणजे टाके पक्के आहेत?"

"तुझे टाके एकदम पक्के आहेत. पण मला आधी का नाही विचारलंस?"

"तू दमून येतेस."

"आणि तू नाही दमत?" ती म्हणाली. मी स्क्रू वाटीत गोळा करत बसले.

डब्याच्या कडेला तिने भोक पाडून घेतलं आणि बाहेर छोटी अँटेना बसवली. जावई बघून म्हणाले, "आई, भारतात जाताना हे विमानात नेऊ नका हं. डबा, आत तारा, वर शेंडी. आपल्याला सगळ्यांनाच बसवून ठेवतील."

सोमवारी ते दोघं गेल्यावर डब्यावरून व्हिडिओ फोन लावला. स्क्रीनभर ताई. मी मान जरा तिरकी केली की तिचा गाल दिसायचा, मग कपाळ, मग डोळे. असा तुकड्यातुकड्याने मी तिचा चेहरा पाहिला. तीही माझ्याकडे बघत राहिली.

"केवढी म्हातारी झालीस गं," ती म्हणाली.

"तू काय सोळाची आहेस?"

हसली. तिचा पुढचा दात पडलाय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. डब्याची हकिकत सांगितली, तर म्हणाली, "मग पोळ्या कशात ठेवतेस?" खरं तर हे इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. माझ्यापुरत्या दोन करते, पातेल्यात ठेवते म्हटल्यावर म्हणाली, "वातड होतील. फडकं घाल." मग थोडा वेळ तिच्या गुडघ्यांचं झालं, माझ्या डोळ्यांचं झालं. बोलता बोलता तिची नजर सैल पडलेली मला दिसली. फोनवर हे कधी दिसलं नसतं.

"आपण कुठल्या?" तिने विचारलं.

"इथलीच," मी म्हटलं. "उद्या येते परत."

"या," ती म्हणाली. "पण जेवणानंतर लगेच या. मग मला झोप येते."

बंद केलं. डबा मांडीवर चांगलाच तापला होता. तो उचलून खिडकीत गार व्हायला ठेवला, चार्जर लावला आणि जरा आडवी झाले.