हायवेवर बसलेली मेंढरं

वडूजकडच्या कोरड्या गावातला बिरदेव दिवाळी झाली की मेंढरं घेऊन उंब्रजला उतरायचा. तिथं आकाराम आबांच्या रानात मेंढरं बसवायची. रानाला लेंडीखत मिळायचं, मेंढरांना उसाचा पाला आणि बिरदेवच्या घराला धान्य. बापापासूनचा हा रिवाज. आबांची नात समीक्षा त्याच्या खांद्यावर खेळलेली.

बिरदेवच्या गावाला कालव्याचं पाणी हवं होतं. गावानं वडूजला तीनदा उपोषण केलं. साहेब लोक यायचे, लिंबूसरबत पाजून जायचे. पाणी काय ते त्या सरबतातच दिसायचं. "तुमचं खरं हाय रं," असं आबा दर वेळी म्हणायचे. ऐकायला बरं वाटायचं, घसा कोरडाच राहायचा.

मग गावच्या वीरधवलनं ठरवलं, हायवे अडवायचा. मेंढरं उंब्रजात, हायवेच्या कडेलाच आयती होती.

मार्चमधल्या एका सकाळी बिरदेवनं कळप हायवेवर घातला. गाड्या तुंबल्या. मागच्या एसटीतून समीक्षा धावत आली. साताऱ्याला तिची पोलीस भरतीची लेखी परीक्षा होती.

"मामा, आमच्या गाडीला वाट द्या."

वाट देता आली असती, मेंढरं अजून उभी होती. बिरदेवनं वीरधवलकडं बघितलं.

"साहेब निघालाय. आत्ता वाट दिलीस की सगळं मुसळ केरात," वीरधवल म्हणाला.

बिरदेवला टँकरमागं पळणारी आपली बायको, सुलाबाई, आठवली. "जरा दम धर पोरी," तो म्हणाला.

ऊन चढलं. उन्हात मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून घोळका करतात आणि मग काही केल्या हलत नाहीत. साहेब येऊन लेखी आश्वासन देऊन गेला. वीरधवलनं आंदोलन मागं घेतलं, मेंढरांनी घेतलं नाही. रस्ता मोकळा होईतो परीक्षा संपत आली होती. समीक्षा बिरदेवकडं न बघता घरी चालत गेली. ते त्याला फार लागलं.

पेपरात फोटो आला. महिन्याभरात कालव्याची मोजणी सुरू झाली. खरं ते सांगितलं पाहिजे, तीन उपोषणांना जे जमलं नाही ते एका सकाळनं केलं. पण मोजणी झाली आणि काम तिथंच थांबलं.

दिवाळीनंतर बिरदेव उंब्रजला गेला. आबांनी चहा पाजला.

"तुमचं आजबी खरं हाय," ते म्हणाले. "पर पोरीचं वय आता भरतीत बसत न्हाई. माझ्या रानात मेंढरं नगं."

शेजारच्या रानवाल्यांनीही नको म्हटलं. उन्हाळ्याआधीच बिरदेवला निम्मा कळप विकावा लागला.

पाणी आलंच नव्हतं. वीरधवल पुन्हा दारात आला.

"परत हायवे धरायचा म्हणतोय. पर तुला जड जाईल गड्या, तिकडं तुझी माणसं हायत."

"हुती," बिरदेव म्हणाला. "कवा यायचं ते सांग. त्या गाड्यांत आता माझं कुणी बसलेलं न्हाई."