विटाळाचा जिना

शोभाताई कांबळे कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की चहाच्या आधी भिंत वाजवून बघायच्या, बाजारात नारळ वाजवतात तशी. इंग्लंडात मिल्टन कीन्सला आम्ही नवं घर घेतलं तेव्हा जो तो किचनचं कौतुक करत होता. ताई जयभीम म्हणत आत आल्या, भिंतीवर बोट आपटलं आणि म्हणाल्या, "प्लास्टरबोर्ड! भांडायचं असेल तर बागेत जाऊन भांडा." माझा नवरा किती तरी दिवस घुश्शात होता. आता त्या एडिनबराला मुलाकडे असतात. तिकडच्या भिंतींचं काय होत असेल, कोण जाणे.

कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलमध्ये, लोकांची बांधकामं तपासण्यात त्यांची हयात गेली. रिटायर झाल्या, पाठोपाठ त्यांचे मिस्टर गेले, घर खायला उठलं. मग गावाबाहेरच्या एका जुन्या मॅनर हाऊसमध्ये, म्हणजे जमीनदाराच्या हवेलीत, रविवारी व्हॉलंटियर गाइड झाल्या. त्या एका दिवसासाठी बाकीचा आठवडा ढकलायच्या. न्यायची-आणायची मी.

आणि काय ते घर! मालकांच्यातल्या आजोबाने विटांचं साधं, बरं घर बांधलं. नातवाला विटेची लाज वाटली, त्याने पुढून दगडाचं तोंड चिकटवलं. त्याच्या पोराने खांब उभे केले, ज्यांच्यावर काहीही टेकलेलं नाही. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून डावीकडच्या खिडक्या तर नुसत्या रंगवलेल्या! "बडा घर, पोकळ वासा," ताई माझ्या कानाशी पुटपुटायच्या आणि लगेच गोड आवाजात, "डू नोटिस द सिमेट्री!" पब्लिक "लव्हली, लव्हली" करत त्या रंगाचे फोटो काढायचं.

खरा राग होता तो मागच्या जिन्यावर. खांबवाल्यानेच दोन चांगल्या खोल्या कापून भिंतीच्या पोटात तो अंधारा, अरुंद जिना घातला. मोलकरणींनी मालकांची मुताची भांडी तिथून न्यायची, पाहुण्यांच्या नजरेला पडायचं नाही. माहितीपत्रकात त्याचं नाव 'डिस्क्रीट सर्व्हिस स्टेअर', म्हणजे नोकरांचा नजरेआडचा जिना.

"डिस्क्रीट म्हणे! आमच्याकडे याला विटाळ म्हणतात. शब्द फुकट देते, छापा म्हणावं. माझ्या आजीला हा जिना न दाखवता सापडला असता."

टूरमध्ये इंग्रजीतही त्या हे ऐकवायच्या. लोक आपापले बूट न्याहाळत बसायचे.

गेल्या उन्हाळ्यात मॅनर लग्नांना भाड्याने द्यायला लागले. एका रविवारी टूर संपवून आम्ही वरच्या मजल्यावर होतो, खाली हॉलमध्ये नवरीचे फोटो चाललेले. मॅनेजर आली. पोरगी हसरी, तोंडात साखर.

"शोभा, लव्ह, वेडिंग असेल तेव्हा गाइड्सनी प्लीज बॅक स्टेअरने जायचं. फोटोत येतात ना."

"सगळ्यांनीच?"

"ऑफ कोर्स! नथिंग पर्सनल. पण जमणार नसेल, तर मग संडेजना दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

ताईंनी बॅज काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि मोठ्या जिन्याच्या मधोमध, एकेक पायरी सावकाश उतरल्या. मी मागोमाग. फोटोग्राफर "एक्स्क्यूज मी, लेडीज!" करून कोकलत होता. ताई नवरीपाशी थांबल्या, "काँग्रॅच्युलेशन्स, माय डिअर," म्हणाल्या आणि पुढच्या दाराने बाहेर पडल्या.

गाडीत बसल्या बसल्या मी टाळीसाठी हात पुढे केला. "काय जिरवलीत हो ताई!"

त्यांनी टाळी दिली नाही. सीटबेल्ट लावत होत्या, तो लागेना.

"जिरवली गं," त्या म्हणाल्या. "पण आता रविवारी मी जाऊ कुठे?"