डावीकडून तिसऱ्या बाई

जुनी काच हातात आली की काका आधी तिच्या कोपऱ्यावर तोंडाची वाफ सोडत. चष्म्यावर सोडतो तशी, "हाऽऽ" करून. वाफ धरली तर ती नुसती काचेची बाजू. नाही धरली तर तिथे चित्राचा थर. "तिथं माणसं राहतात," काका म्हणत. "कापड लांब. शांतीथी, राव, सावकाश!"

बडोद्याच्या आमच्या संग्रहालयात जुने फोटो, फिल्म आणि ध्वनिफिती ते सांभाळत. मी नोंदी ठेवत असे. फिल्मचा डबा उघडून ते आधी नाक खुपसत. आंबूस वास आला की, "हिचं लोणचं झालं!" आणि डबा वेगळ्या कपाटात. जवळच्या छाणी गावात एका लग्नात त्यांनी सवयीनं स्टीलच्या ताटावर वाफ सोडली. वाढप्याला वाटलं, ताट खराब आहे. त्यानं दुसरं आणलं. काकांनी त्यावरही सोडली. तुम्ही असतात तर जिलबी हातात धरून हसत बसला असतात.

आता जे टाळत आलोय ते.

एका मराठी घरातून काचेची निगेटिव्ह आली होती. अंगणात बसलेल्या सात बायका. काका चहाला गेलेले. मी म्हटलं, एवढीशी तर धूळ. वाफ सोडली नाही. ओला रुमाल एकदाच फिरवला, आणि डावीकडून तिसऱ्या बाईंचा चेहरा रुमालावर आला. काळपट, चिकट.

काका माझा कप घेऊन परतले. त्यांनी काच पाहिली, रुमाल पाहिला.

"जुनी बुरशी असेल," मी म्हणालो.

"तुमचा चहा निवतोय," एवढंच ते बोलले.

महिन्याभरानं काच देणाऱ्या बाई फोटो बघायला आल्या. तिसऱ्या बाई म्हणजे त्यांची आई. मी कपाटाआड फाइल शोधू लागलो. काका त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "ताई, माझ्या हातून गेला चेहरा."

ताईंनी काच उजेडाकडे धरली. "फोटो म्हटलं की आई पदर ओढून घ्यायची. शेवटी तिनं खरं केलं की!" हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "दुसरा फोटो नव्हता हो तिचा."

मी फाइल शोधतच राहिलो.

काकांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. फक्त मी काच उचलली की पाठीमागून खोकत.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. काल त्या काचेचं कार्ड काढलं. पेन्सिलीनं लिहिलेलं त्यांचं अक्षर: "तिसरा चेहरा ओल्या कापडानं गेला. हात माझा." कार्डावरचं खोडायचं नाही, चूक असली तर खाली लिहायचं, हा नियम त्यांचाच. मी खाली लिहिलं, "हात माझा होता." सही केली. ताई आहेत अजून. रविवारी येतो म्हणून फोन केलाय.

मग काच उचलली. कोपऱ्यावर हाऽऽ केलं, आणि क्षणभर तसाच थांबलो. मागून कोणी खोकलं नाही.